करंजाच्या ओळीवरचे वाळवण

पाणी भरून झाले, दूध तापवले, यांना डबा दिला. सात वाजता हे डांबराच्या प्लांटवर गेले. मग मी गव्हाचा चीक शिजवला आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेले. टाकीजवळ यांनी विटांवर काळ्या लाद्यांची ओळ मांडली होती. सपाट, उंच, मुंग्या न लागणारी जागा. तिच्यावर धोतर दुहेरी पसरले आणि कुरडया घातल्या. चार वाजता सगळे उचलले. १९९८च्या चैत्रातली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती.

मृत्युपत्रात हे कशाला, ते पुढे कळेल.

मी, सुनीती शरच्चंद्र खासनीस, वय ७२, राहणार कोथरूड, पुणे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे घरी वाचून. हे मी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर राहून लिहीत आहे. डॉ. विजयमाला घाणेकर यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, गच्चीसह, माझी भाची नीरजा हिला द्यावे. आम्हाला मूल नाही. नीरजा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि माझे शंभर प्रश्न न कंटाळता ऐकते. घर विकायचे तर खुशाल विकावे.

२. यांची हत्यारे, म्हणजे डांबर वितळवण्याची कढई, तापमापक आणि वजन लावलेली सुई, नीरजाच्या कॉलेजला द्यावीत. सुई लादीत किती रुतते यावरून हे डांबराचे वय सांगत. रस्ता खरवडला की जुने डांबर टाकून देतात, याचे यांना फार वाईट वाटे. "डांबर उन्हाने म्हातारं होतं, सुनीती. मरत नाही," असे म्हणत. योग्य तेल मिसळले तर ते पुन्हा मऊ होते आणि मऊ राहते, रस्त्याला आणि गच्चीला पुन्हा वापरता येते. कोणते तेल, एवढाच प्रश्न होता. म्हणून जुन्या डांबराच्या लाद्या ओतून यांनी दोन ओळी मांडल्या. टाकीजवळच्या ओळीत करंजाचे तेल, कठड्याजवळच्या ओळीत काजूच्या टरफलांचे.

"यांच्यावर सावली पडू द्यायची नाही," असे यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला वाटले, चार घटका धोतराने काय होणार. तीन घरांचे वाळवण मी करत असे, म्हणजे चैत्र-वैशाख रोजच. रविवारी हे सुई घेऊन वर येत, म्हणून रविवारी मी वाळवण घालत नसे. यावरून काय ते समजावे.

सहा उन्हाळ्यांनंतर काजूच्या ओळीला बारीक भेगा पडल्या होत्या. करंजाची ओळ मऊ होती. यांनी वहीत करंजावर खूण केली, नोकरी सोडली, दारावर धंद्याची पाटी लावली आणि ओळखीतल्या नऊ गच्च्यांवर करंजाचा थर दिला.

३. मथुराबाई देवधर, आमच्या समोरच्या. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की त्यांना माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. ते कलम काढले आहे. त्या नऊंपैकी त्यांची गच्ची २००८च्या पावसात गळली. धान्य, गाद्या, मुलीच्या लग्नाचे कपडे, सगळे भिजले. हळदीकुंकवाला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खासनिसांच्या डांबरापेक्षा आमची जुनी ताडपत्री इमानी." मी अकरा वर्षे त्यांच्याशी बोललेले नाही. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. मला कोणावर तरी रागवायचे होते.

त्याच संध्याकाळी हे वही घेऊन गच्चीवर गेले. मीही गेले.

"लाद्यांवर कधी काही घातलं होतंस का गं?"

"नाही हो."

"मग माझंच मोजमाप चुकलं."

तोवर यांच्या कपाटातली पुस्तके मी शब्दकोश घेऊन वाचली होती. डांबराला म्हातारे करण्यात उन्हाचा वाटा किती, हे मला माहीत होते. तरी मी "नाही" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात पाटी उतरली. चार वर्षांनी हे गेले. तेवढ्या काळात यांनी एकदाही सुई हातात घेतली नाही.

४. यांच्यामागे मी त्याच वहीतून बघून नव्या लाद्या ओतल्या. दोन्ही ओळी सात उन्हाळे उघड्या ठेवल्या. कुरडया विकतच्या आणल्या. करंजाची ओळ तिसऱ्या वर्षी फुटली. काजूचीला तेव्हासारख्याच बारीक भेगा आहेत, पण ती आजही धड आहे. यांचे मोजमाप बरोबर होते. वही आणि लाद्या नीरजाने घ्याव्यात आणि कुठेही छापताना चूक कोणाची ते माझ्या नावासकट लिहावे.

५. बँकेतली ठेव त्या नऊ गच्च्यांसाठी आहे. घरमालक बदलले असले तरी काजूच्या तेलाचा थर द्यावा. सुरुवात मथुराबाईंकडून करावी.

६. सोऱ्या कोणालाही देऊ नये. भंगारात घालावा.

वरील व्यवस्था श्री. श्यामसुंदर रास्ते, आमचे शेजारी, यांनी पाहावी. मजकूर मी दोनदा वाचून, पटल्यावर सही केली आहे.

सुनीती शरच्चंद्र खासनीस
कोथरूड, पुणे. १४ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार, ज्यांच्या समोर सही झाली:
१. श्यामसुंदर दत्तात्रय रास्ते
२. डॉ. विजयमाला घाणेकर

पुरवणी, १५ नोव्हेंबर २०१९. काल सही झाल्यावर श्यामसुंदरराव चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, हे वाचलं जाईल तेव्हा तुम्ही नसणार. छान सोय केलीत." विजयमालाताई म्हणाल्या, "रास्ते, गप्प बसा."

मृत्युपत्रात काही बदल नाही. फक्त नोंद करते की आज सकाळी मी रस्ता ओलांडून मथुराबाईंच्या दारात गेले आणि त्यांना सगळे सांगितले.