पूजानं ओलांडलेली पिवळी रेघ

मंगळवार, दिवेलागणीला

भाकरी तव्यावर आणि नातीचा फोन. पूजाला आज पहिल्यांदा एकटीनं विमान उडवायचं होतं, सकाळपासून माझं कशात लक्ष न्हवतं. "आज्जी, मी चुकलो गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. भाकरी करपली. करपू दे.

झालं असं, की धावपट्टीच्या अलीकडं एक पिवळी रेघ असती. परवानगी मिळाल्याबिगर ती ओलांडायची न्हाई. ही घाईत गेली की पुढं! आणि वरनं दुसरं विमान उतरायला लागलेलं. पण पोरीनं तिथंच थांबून रेडिओवर आपणच सांगितलं, "मी रेघ ओलांडली." मग विमानतळाच्या टॉवरवाल्यांनी त्या विमानाला परत वर जायला लावलं. कुणाला खरचटलं बी न्हाई.

"आता मला काढून टाकतील," म्हणत होती. म्हणलं, कोण काढतंय बघू.

मी पहिल्यांदा ऊस घेऊन कारखान्यावर गेलतो, तवा रांगेत नंबर नसताना ट्रॅक्टर वजनकाट्यावर घातला. वर मागच्यालाच शिव्या दिल्या. पिवळी रेघ असती तरी मी कबूल केलं असतं व्हय? न्हाईच.

आत्ता परत फोन आला. तिला विमान शिकवणारे सर म्हणाले, सांगितलंस ते बेस केलंस, उद्या माझ्याबरोबर बस, मग परत एकटी.

म्हणलं, तुझ्या विमानात पहिली मी बसणार. तुझ्या बापाच्या गाडीत मात्र जीव मुठीत धरून बसतो बाई. कधी बघावं तर चूक समोरच्याचीच.