आत वळलेलं शिंग

आक-चुंकुर, ३ मार्च

चि. बुरुल हिस, तायाकेचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोन करू नका, फोनला कान आहेत, असं तू बजावलंस. म्हणून आईच्या भावाने भाचीला हाताने पत्र लिहून बिश्केकच्या गाडीवाल्याकडे द्यावं, असे दिवस आले. अक्षर लागलं नाही तर दोष वयाचा, ज्ञानाचा नव्हे.

तुझ्या चित्रवृत्तांताची कच्ची पानं वाचली. ठाण्यात मेलेल्या तोक्तोबाय मेंढपाळाची हकीकत तू कुठेही गळा न काढता सांगितलीस, हे मला आवडलं. आरोपी तीन पोलिसांच्या पोटांचे घेर अचूक आहेत. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शिक्षकाचं नाक मात्र कोणाचं आहे ते माझ्या लक्षात आलं आहे. त्याचा हिशेब भेटीत.

आता मुद्दा. ठाण्यात फरशी पुसणारी बाई, जिने रात्रपाळीत खिडकीच्या काचेतून सगळं पाहिलं, तिचा चेहरा तू कोरा ठेवलास. संस्कृतात साक्षी म्हणजे जो डोळ्यांसकट हजर आहे तो. तू साक्षीचे डोळेच काढून घेतलेस. हा विनोद मी दोन दिवस जपून ठेवला होता, पण सहाव्या पानाची चौथी चौकट पाहिली आणि तो जिरला. बाई आपल्या घरी चहा ओतते आहे आणि तिच्यामागे भिंतीवर लोकरीचं लाल-काळं शिरदाक आहे. अगं, शिंगांची नक्षी सगळ्या जगात बाहेर वळते. या खोऱ्यात ती आत वळवणारी बाई एकच. कुमुश डावखुरी आहे, लोकर डाव्या हाताने कापते. तिचं जाजम इथलं शेंबडं पोरही ओळखतं. चेहऱ्याच्या जागी तू तिची सही छापते आहेस.

छपाईला जाण्याआधी ती भिंत कोरी कर. कोर्टात ती पडद्याआडून बोलणार आहे ना? मग पडद्याला अर्थ राहू दे.

लेनिनग्राडात पाच वर्षं संस्कृत शिकून इथे मुलांना भूगोल शिकवणारा, तुझा

तायाके आसानकुल


बिश्केक, ५ मार्च

ती. तायाके यांना बुरुलचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. पुस्तिका परवा छापून झाली. तीनशे प्रती. दोनशे चाळीस माझ्या पलंगाखाली आहेत, त्या तिथेच राहतील. साठ प्रती मी कोर्टाच्या पायऱ्यांवर स्वतः वाटल्या, हसत हसत. घेणाऱ्यांत आरोपींचे नातेवाईकही होते. मला वाटलं, वाचू दे त्यांनाही.

माझ्या कामात एकच नियम आहे: जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. कोर्टात कॅमेऱ्याला बंदी आणि पेन्सिलीला नाही. म्हणून माझ्या पेन्सिलीने कॅमेऱ्याहून जास्त खरं राहायला हवं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. चेहरा लपवायचा एवढं ठरलं होतं, तो लपवला. बाकी खोली त्यांच्या घरी काढलेल्या फोटोवरून हुबेहूब उतरवली. त्या शिरदाकवर मी अख्खा दिवस घालवला, तायाके. फार सुंदर होतं म्हणून. शहरात वाढलेल्या मुलीला शिंगांची दिशा दिसली, ती कोणाचा हात दाखवते हे दिसलं नाही.

माझ्यासाठी एवढं करा. कुमुश एजेंकडे जा आणि त्यांना सगळं खरं सांगा. मी स्वतः आले तर लोक माझ्यामागोमाग त्यांच्या दारापर्यंत येतील. साक्ष २७ तारखेला आहे. वकील म्हणतात, त्या नसतील तर तोक्तोबाय जिन्यावरून पडला हेच कागदावर राहील.

तुमच्या नाकाबद्दल क्षमस्व. ते मात्र पाहून काढलं होतं.

तुमची बुरुल


आक-चुंकुर, ९ मार्च

चि. बुरुल हिस, आशीर्वाद.

गेलो होतो. मला बातमी द्यायची गरज पडली नाही. पुस्तिका माझ्याआधी पोहोचली होती. एका आरोपीचा मेहुणा ती खिशात घालून आला, तीन वाट्या चहा प्यायला, जर्दाळूच्या मुरंब्याची तारीफ केली आणि मग भिंतीकडे बघत म्हणाला म्हणे, एजे, काय कारागिरी आहे, हे जाजम आम्हाला विकूनच टाका, म्हणाल ती किंमत देतो, आणि बघा, असल्या वस्तू घरात ठेवल्या की लोक उगाच ओळखतात. कुमुशने सांगितलं की हे नातीच्या लग्नासाठी ठेवलंय, आणि तुझ्या घरची लग्नं तू बघ. तो हसत हसत गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला, तालुका कचेरीत गाडी चालवतो त्याला, सोमवारपासून येऊ नकोस असं सांगण्यात आलं. कारण विचारलं तर गाडी नादुरुस्त आहे म्हणे. गाडी रोज आमच्या शाळेसमोरून जाते.

मी तुझी चूक सांगितली, जशीच्या तशी. तिने तळलेल्या बोर्सोकची परात माझ्यापुढे सरकवली, म्हणजे पाहुणा म्हणून ठेवलं, आपला म्हणून नाही. मग म्हणाली, तुमच्या भाचीला मी घरात घेतलं, उबदार कोपऱ्यात बसवलं, आणि ती माझी भिंत घेऊन गेली. भाचरांनी मामाच्या घरचं हवं ते उचलावं हा आपला रिवाज आहे. पण मी तिची मामी नव्हे, असंही म्हणाली.

कोर्टात येणार नाही म्हणते. भीती हे एक कारण. दुसरं तिने फार हळू सांगितलं: काचेवर बर्फ धरला होता, आतला दिवा मिणमिणता, माझं वय हे असं, एका पायात बूट असलेला माणूस उचलून नेताना मी खरंच पाहिला की रात्रपाळीच्या झोपेत, हे माझं मलाच आता सांगता येत नाही. कोणाची तरी आयुष्यं तुरुंगात घालायची, तर एवढं तरी पक्कं हवं ना?

मी आग्रह केला नाही. तूही वकिलांकडून करवू नकोस. तिच्याकडून जेवढं घ्यायचं तेवढं आपण घेऊन झालं आहे.

जेवतेस का नीट? तुझी आई विचारते. मी विचारत नाही, मला उत्तर माहीत आहे.

तायाके


नारीन, २७ मार्च

ती. तायाके, साष्टांग नमस्कार.

वकिलांना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी कोणालाही पाठवलं नाही. तरी त्या आल्या.

कोर्टात निळा पडदा लावला होता, मागे रिकामी खुर्ची. दुसऱ्या क्रमांकाच्या साक्षीदाराला पुकारलं, कोणी नाही. मग मागच्या दारातून कुमुश एजे आल्या, पांढरा रुमाल बांधून, मुलाच्या हाताला धरून. शिपाई पडद्याकडे नेऊ लागला तर त्याला म्हणाल्या, बाळा, बाजूला हो, ज्यांना मला ओळखायचं होतं त्यांनी घरी येऊन चहा प्यायला आहे, आता मी फडक्याशी काय बोलू.

मग सगळं सांगितलं. आरोपींच्या वकिलाने काचेवरच्या बर्फाचा विषय काढला, मग दिव्याचा, मग वयाचा. त्या म्हणाल्या, खरं आहे, मलाही हेच वाटायचं. पण मी झोपेत स्वप्न पाहिलं असतं, तर ते विकत घ्यायला हे लोक इतक्या लांबून माझ्या दारात कशाला आले असते? आणि माझ्या मुलाची गाडी स्वप्नामुळे नादुरुस्त होते का? त्यांनी येऊनच मला सांगितलं, की मी जागी होते.

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी लेखनिकाला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिघांना कोठडीत नेलं, निकाल पुढच्या महिन्यात.

यात माझ्या चुकीचा फायदा झाला असं मघाशी कोणीतरी म्हणालं. मी उठून बाहेर गेले. मुलाची नोकरी गेली ती गेलीच आहे.

माझ्या वहीत साक्षीच्या वेळचं पान कोरं आहे. बाहेर पायऱ्यांवर त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही. नवी आवृत्ती काढायची आहे. आता त्या उघडपणे बोलल्या आहेत, तर त्यांचा चेहरा काढू का, एवढं माझ्यातर्फे विचाराल? आणि मी माफी मागते आहे, हेही सांगा. आधी ते सांगा.

तुमची बुरुल


आक-चुंकुर, ४ एप्रिल

चि. बुरुल हिस, आशीर्वाद.

तू सांगितलेल्या क्रमाने दोन्ही सांगितलं. तिने उत्तरं उलट्या क्रमाने दिली.

चेहरा काढायचा नाही. कोर्टाने विचारलं, मी सांगितलं, ते एकदाचं झालं, असं तिचं म्हणणं. चित्र रोज सांगत राहील, आणि तिला रविवारी बाजारात मुळे घ्यायचे असतात, साक्ष द्यायची नसते. तिचे शब्द मात्र छाप म्हणाली, एकही न बदलता, आणि नावासकट. तेव्हा त्या चौकटीत शब्द घाल, बाकी कागद तसाच राहू दे. तुझा हात शिवशिवेल. शिवशिवू दे.

मग मी माफीचं काय म्हणून विचारलं. ती लोकर विंचरत होती, हात थांबला नाही. म्हणाली, त्याला वेळ लागेल. किती, ते मी विचारलं नाही.

मुलाला खाणीवर गाडी चालवायचं काम मिळतंय म्हणतात, पण महिन्यातून एकदाच घरी येता येईल.

लोभ आहे, तो वाढवण्यापेक्षा सांभाळावा.

तुझा तायाके आसानकुल