सेशेल्स उजव्या हाताला राहिलं

'वैनगंगा' बोट,
हिंदी महासागरातलं एक बेट
दि. ११ मार्च २००५

ती. मंगलाबाईस,

धाकट्या रत्नमालेचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही जयभीम सांग. तुझे गुडघे कसे आहेत? बपेऱ्याला उन्हाळी धानाची रोवणी आटोपली का, म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर खरवस कोणाकोणाच्या पोटात गेला, ते सविस्तर कळव. आम्ही तिघंही जिवंत आहोत. 'खुशाल' असं लिहिणार होते, पण बत्तीस वर्षं पोरांना 'खोटं लिहू नका' म्हणून सांगितलं, तेव्हा जिवंत एवढंच लिहिते.

पत्ता वाचून तुझ्या लक्षात आलं असेल की आम्ही सेशेल्सला नाही. सेशेल्स उजव्या हाताला कुठंतरी राहिलं. मालेहून आम्ही निघालो ते तिकडे जायलाच, पाण्यात सोळा दिवस हेलकावे खाल्ले, आणि किनारा दिसला तसा ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला (बंदरात अधिकारी येतात म्हणे). जवळ जाऊन बघतो तर बंदर नाही, गाव नाही, नुसती नारळाची झाडं, आणि धक्क्यावर गंजीफ्राकवर उभा असलेला एक पोलीस शिपाई. ह्यांनी त्याच्यापुढे, धक्क्याच्या फळ्यांवरच, सेशेल्सचा नकाशा पसरला. तो बिचारा नकाशा उलटासुलटा करून बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्यानं नकाशाच्या बाहेर, लाकडी धक्क्यावर, बोट ठेवलं. म्हणजे असं समज, तुमसरहून साकोलीला निघालेला माणूस बालाघाटला उतरला आणि तिथं साकोलीच्या तहसीलदाराचं घर विचारू लागला. हे बेट मॉरिशसवाल्यांचं आहे. चुकलो किती, तर साडेतीनशे मैल. (शिपायाची पणजी मराठी होती. त्याला मराठीतले चारच शब्द येतात आणि त्यातले दोन शिव्या आहेत, पण कानाला इतके गोड लागले की मी त्याला लोणचं दिलं.)

हे खूळ कुठून आलं ते तुला माहीतच आहे, तरी पुन्हा सांगते, सांगितल्यानं जीव हलका होतो. पाटबंधारे खात्यात ह्यांचा जन्म पाणी अडवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एक गोरा म्हातारा आणि त्याची म्हातारी लहानशा शिडाच्या बोटीतून जगाला फेरी घालत होते, आणि म्हातारी हसत होती. (ती काहून हसत होती ते मला अजून कळलं नाही. फोटो किनाऱ्यावर काढला असेल.) झालं, त्या दिवसापासून आमच्या घरात वारा कोणत्या दिशेचा आहे हे विचारल्याशिवाय चहा झाला नाही. शिकणं झालं सानगडीच्या तलावात, मंगरूच्या डोंग्याला ताडपत्रीचं शीड बांधून. डोंगा दोनदा उलटला आणि दोन्ही वेळा मंगरूनं साहेबांना कॉलरला धरून वर काढलं. एवढ्या अनुभवावर आम्ही कोचीला जाऊन तीस फुटी बोट घेतली, आणि मंगरूलाही सोबत घेतलं. त्याचा जन्म तलावात मासोळ्या धरण्यात गेला, तेव्हा त्याला पाण्याचं सगळं समजतं, असं ह्यांचं म्हणणं. मंगरूनं कोचीला पहिल्यांदा समुद्र पाहिला, पलीकडचा बांध दिसतो का ते बराच वेळ शोधलं, आणि मला म्हणाला, "मॅडम, याले पाळच नाही जी."

बोटीवरचं जिणं कसं असतं विचारशील, तर तू आपल्या धान्याच्या कोठीत भाऊजींना आणि एका परक्या माणसाला घेऊन बस, आणि चार जणांना बाहेरून ती कोठी हलवायला सांग. स्वयंपाक करताना कमरेला पट्टा बांधून ओट्याला अडकवून घ्यावं लागतं. शेगडी झुल्यासारखी हलते, त्यामुळे वरण गंजात शिजतं आणि फोडणी भिंतीला बसते. संडासाचं तर लिहूच नये, पण लिहिते: वीस वेळा दांडा मारावा लागतो, आणि अठराव्या वेळेला मोठी लाट आली तर केलेलं सगळं परत येतं. चिन्नोरच्या दोन पोत्यांपैकी एक भिजलं. त्याचा भात आता मीठ न घालता खारट होतो, तेवढीच बचत. मंगरूला पहिले पाच दिवस नुसत्या ओकाऱ्या. डोंग्यात आयुष्य काढलेल्या माणसानं ओकावं, ह्याची त्याला इतकी लाज वाटली की तो प्रत्येक ओकारीनंतर माझी माफी मागायचा. मी त्याला म्हटलं, बापू, एकदाच सगळी माफी मागून घे, माझंही डोकं फिरून राहिलं आहे. बाई, मी थकले गं. अंग थकलं, डोळे थकले, निळा रंग बघून बघून माझं मन थकलं.

तू दिलेला आईचा विळा तेवढा कामाला आला. आम्ही निघताना तू म्हणाली होतीस ना, "पाण्यावर भेव लागन, आईचा इळा उशाशी ठेवजो, आई राती वावरात जागलीवर जाये तवा ठेवे." मालेपर्यंत तो पेटीतच होता. हे असल्या गोष्टींचे किती विरोधक, तुला ठाऊक आहे. ह्यांच्या बाबांनी, मामाजींनी, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लिंबू येतं ते फक्त सरबताला. पण मालेच्या पुढं नुसतंच पाणी, तेव्हा मी तो काढला आणि निजायच्या जागी, डोक्याशी, भिंतीच्या खिळ्याला अडकवला. ह्यांना सांगितलं, दोर कापायला कामी येतो. खरं सांगते, त्या रात्रीपासून मला झोप लागली.

मालेहून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी एक लाट आत आली आणि जागा सांगणारं ते महागडं यंत्र घेऊन मेली. सूर्याची उंची मोजायचं दुसरं एक यंत्र आहे, पण ते डोळ्याला लावलं की ह्यांना मळमळतं. हे म्हणाले, काही बिघडत नाही, होकायंत्र आहे, घड्याळ आहे, गणित आहे. आणि गणित ह्यांनी केलंही. दर दोन तासांनी वहीत दिशा, वेग, वेळ, सगळं सुवाच्य अक्षरात. मंगरू मात्र रोज संध्याकाळी होकायंत्राकडे बघे, मग सूर्याकडे बघे आणि कुरकुरे, "साहेब, दिवस वाकडा बुडून राहिला." हे त्याला समजावत, की सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, तुमच्या तलावातला सूर्य वेगळा आणि इथला वेगळा. चौथीच्या पोरालाही पटलं नसतं असं उत्तर, पण मी तेव्हा तांदूळ वाळवत होते.

आता ह्यांचं ऐक. त्या शिपायानं धक्क्यावर बोट ठेवलं तेव्हापासून हे बोलत नाहीत. आल्याला आज सहा दिवस झाले. वही काढतात, सगळं गणित पुन्हा करतात, ते बरोबर येतं, आणि वही मिटून बसतात. भांडले असते तर मी सुखानं भांडले असते. (अठ्ठावीस वर्षांचा सराव आहे.) परवा जेवताना हळूच म्हणाले, "रत्ना, बाबाचं असंच सुरू झालं होतं ना?" तुला आठवतं ना बाई, आमचे मामाजी शेवटी शेवटी तलावावर म्हणून निघायचे आणि घर सापडायचं नाही. साकोलीच्या बसस्टँडवरून त्यांना भाऊजींनीच दोनदा हाताला धरून आणलं होतं. हे आता स्वतःला रोज तपासतात. सकाळी उठून तोंडातल्या तोंडात पंधराचा पाढा म्हणतात. काल मंगरूला विचारत होते, मी तुले एकच गोष्ट दोनदा तर सांगत नाही ना? मंगरू म्हणाला, दोनदा नाही जी, साहेब पहिलेपासूनच चारदा सांगतात. एरवी हे हसले असते.

तर ठरलं असं: इथून मॉरिशसचं एक जहाज परवा जाणार, त्याच्या मागोमाग आम्ही पोर्ट लुईसला जायचं, तिथं बोट विकायची आणि विमानानं घरी यायचं. जगाची फेरी संपली. मला पाहिजे होतं तेच झालं, तेव्हा मी आनंदात असायला पाहिजे. तू एक कर, सानगडीच्या घराची चावी तुझ्याकडे आहे, ते झाडून घे, शेजारच्या नंदिनीकडून अंगण सारवून घे, चुना मारून घे, आणि पलंगाच्या गाद्या उन्हात टाक. न हलणाऱ्या पलंगावर मला आठ दिवस नुसतं पडायचं आहे. मंगरूच्या बायकोला, रेवताबाईला, सांग, तुझा मंगरू येऊन राहिला आहे, बारीक झाला आहे, पण आता ओकत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्या जमिनीवर तू उभी आहेस तिला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी,
रत्नमाला

ता. क. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवत असशील तर इथं थांब आणि त्यांना म्हशीकडे पाठव. बाई, चूक माझी आहे. तो विळा मी ज्या खिळ्याला अडकवला ना, त्या भिंतीच्या पलीकडल्या अंगालाच होकायंत्र बसवलेलं आहे. मधे दोन बोटं जाडीची फळी. अन् विळा लोखंडाचा. मला हे कळलं इथं आल्यावर दुसऱ्याच दिवशी, विळा काढून मासा कापायला घेतला तेव्हा. बाहेरून मंगरू ओरडला, "मॅडम, सुई हालली!" मी त्याला गप्प बसवलं. मी, सहावीच्या वर्गाला बत्तीस वर्षं चुंबकत्व शिकवणारी! 'होकायंत्राजवळ लोखंडी वस्तू ठेवू नये' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आणि पाच दिवस हे पंधराचा पाढा म्हणतात ते मी ऐकते आहे. बोट विकली जाईल, घरी जाऊ, ह्या लोभानं ऐकते आहे.

ता. क. दुसरा. आता मुख्य काम. तू एक पत्र लिही, पोर्ट लुईसच्या पोस्टाच्या पत्त्यावर, ह्यांच्या नावानं. त्यात लिही, की तो विळा तू माझ्या नकळत त्या भिंतीला बांधून ठेवला होतास. फोन करू नको, फोनवर तुला खोटं बोलता येत नाही, तू आधीच रडायला लागतेस. तू कोचीला आलीच नव्हतीस आणि दोर कापायचं कारण मीच सांगितलं होतं, ह्या दोन अडचणी आहेत, पण हे तुझ्यावर इतके चिडतील की तेवढा विचार करणार नाहीत. तुझ्यावर चिडायची त्यांना जुनी सवय आहे. माझ्यासाठी एवढं कर.

ता. क. तिसरा. लखोटा काल चिकटवला होता, आज पुन्हा फाडला. वरचं पत्र लिहू नको. आज सकाळी हे धक्क्यावर शिपायाजवळ बसले होते. त्याच्याकडून एक कागद घेतला, त्यावर स्वतःचं नाव, माझं नाव आणि सानगडीचा पत्ता लिहिला, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी विचारलं, हे कायले? तर म्हणाले, "हरपलो तर कोणी आणून सोडन." मी आत गेले, विळा आणला, ह्यांना हाताला धरून होकायंत्रासमोर बसवलं, आणि सहावीच्या वर्गात करायची तसं, विळा हळूहळू जवळ नेला. सुई फिरली. दूर नेला, परत आली. पुन्हा जवळ नेला. ह्यांनी वाकून वाचलं आणि पुटपुटले, "पंधरा अंश." मग वही काढली, पंधरा अंश धरून सगळं पुन्हा मांडलं, आणि शेवटची रेघ नकाशाच्या बाहेर, आम्ही बसलो होतो त्याच फळीवर, येऊन टेकली. बाई, हे रडले गं. मंगरूसमोर रडले. मग मला दोन तास असं काही बोलले की ते लिहिण्यासारखं नाही (शिपायाच्या चारही शब्दांची उजळणी झाली). शेवटी खिशातला तो कागद काढून चुरगळला आणि समुद्रात टाकला.

बोट विकायची नाही. पोर्ट लुईसहून पुढं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा, असं आत्ता नकाशावर चाललं आहे. हे शीळ वाजवत आहेत. मंगरूलाही विचारलं, तो म्हणाला, आता ओकून झालंच आहे तर चला जी. विळा टाकू म्हटलं तर हे टाकू देत नाहीत. आईचा आहे म्हणाले. बोटीच्या पार पुढच्या टोकाला, होकायंत्रापासून अठरा फुटांवर, स्वतः मोजून बांधला. मला भीती वाटली तर तिथंपर्यंत रांगत जायचं.

तेव्हा चुना मारू नको. गाद्या गुंडाळून ठेव, उंदीर लागतील. चिन्नोर दहा किलो पोर्ट लुईसच्या पत्त्यावर पाठव. आणि घराची चावी तुझ्याकडेच राहू दे.