दुसऱ्या गावातली तिसरी प्रत

विटा,
दिवाळी पाडव्यानंतरचा रविवार, १९९८

प्रिय माया,

पाकीट जाड लागलं म्हणजे तू मनात म्हणणार, आता हिला कशाची फुशारकी मारायची आहे? बरोबर ओळखलंस. फुशारकीच मारायची आहे, आणि ती मारायला तुझ्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नाही. मी जिंकले, माया! तुझी ही कुंडलची मैत्रीण, जिला शाळेत साधं गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळालं नाही, ती परवा पाडव्याला भर विट्यात जिंकली.

आमच्या सासऱ्यांचा, हंबीररावांचा, फोटो स्टुडिओ तू पाहिलाच आहेस. चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह माळ्यावर डब्यांत पडून होत्या. ओल लागून एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या. मी मामंजींच्या मागे लागून कॉम्प्युटर, स्कॅनर आणि सीडी भरायचं यंत्र घ्यायला लावलं. त्यांनी घेतलं, पण अट घातली. दिवाळीला आपली गलाईवाली मंडळी, सोनं गाळायची दुकानं घालून देशभर पांगलेली सगळी घरं, गावी येतात. पाडव्याला त्यांना त्यांचे जुने फोटो यंत्रावर दाखवायचे. लोकांनी पसंत केले तर यंत्र राहील आणि मी स्टुडिओत बसेन. नाही तर यंत्र विकायचं आणि मी पुन्हा चुलीपुढे. "बघू तुमचं इज्ञान," एवढंच म्हणाले. बी.ए. करून सात वर्षं चपात्या लाटलेल्या बाईला हे ऐकून काय झालं असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

वर्षभर मी त्या स्कॅनरपुढे बसले. जी निगेटिव्ह निघाली ती घेतली, जी सोलवटून गेली तिच्यासाठी हळहळले. घराघराचे फोल्डर केले, त्यात वर्षं, वर्षांत लग्नं, बारशी, सुट्टीवर आलेले जवान. कराडच्या ज्या दुकानातून यंत्र घेतलं, तिथल्या माणसानं एक नियम सांगितला होता, तो मी देवाच्या आरतीसारखा पाठ केला: एक प्रत यंत्रात, दुसरी कपाटात आणि तिसरी दुसऱ्या गावात. मामंजी हसले. "एका फोटूच्या तीन तीन प्रती? पत्रिका वाटायच्या हायत काय लग्नाच्या?" हसू देत म्हटलं, आणि सीड्यांचा तिसरा संच पिशवीत घालून कुंडलला गेले. माझ्या माहेरी ठेवायची सोय नव्हती. आमच्या भाऊसोनं त्या चकचकीत चकत्या ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला टांगल्या असत्या. म्हणून तुझ्या आईकडे दिल्या. बनुमावशींच्या ट्रंकेत गेलेली वस्तू कधी खराब झाली आहे का? त्यांच्याकडेच का, असं तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे. चार वर्षांत तू माझ्या एकाही पत्राच्या उत्तरात त्यांचं नाव काढलं नाहीस.

आता खंडेनवमी ऐक. त्या दिवशी मी आणि आमचे हे, जयराज, कोऱ्या सीड्या आणायला कराडला गेलो होतो. मागे घरात शस्त्रपूजा. आमच्याकडे दरवर्षी कॅमेऱ्यापुढे नारळ फुटतो, यंदा मामंजींना वाटलं, मान नव्या यंत्राचा. कॉम्प्युटरचा डबा जमिनीवरच असतो. त्याला झेंडूची माळ घातली, त्याच्या डोक्यावरच नारळ फोडला, आणि पाणी वरच्या फटीतून थेट आत. वर नवस फेडल्यासारखं बटण दाबून बघितलं, दिवा लागतो का. दिवा लागला, चर्र आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि सगळं गप्प. सासूबाईंनी तोवर कपाटातल्या सीड्या पाटावर मांडून प्रत्येकीला पाणी घालून कालवलेलं हळदकुंकू लावलं होतं, तेही चकाकत्या बाजूला, कारण "आरशागत तोंड हाय ते त्येचं." पुढे त्यांना वाटलं, सून आल्यावर डाग बघून ओरडेल. म्हणून त्या माउलीनं चिंच, राख आणि काथ्या घेऊन एकूण एक सीडी तांब्या-पितळेसारखी घासून ठेवली! मी आले तेव्हा त्या ओसरीवर उन्हात वाळत होत्या. अशी लखलख मी जन्मात पाहिली नाही. प्रत्येकीवर मात्र नांगरट केल्यासारखे ओरखडे.

मी रडले नाही. आधी ओरडले, मग हसत सुटले. सासूबाई, आमच्या लीलाबाई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लय चुकलं गं बाई माजं." त्यांच्यावर काय रागावणार? त्यांनी पूजाच केली होती. मामंजी मात्र अंगणात येरझाऱ्या घालत होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांना "हसा" म्हणून सांगितलं, त्याचं तोंड इतकं उतरलेलं मी प्रथमच पाहत होते. माळ्यावरच्या निगेटिव्हचा एव्हाना लगदा झाला होता. म्हणजे आता जे काही होतं ते तुझ्या आईच्या ट्रंकेत.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एस.टी.नं कुंडल गाठलं. बनुमावशी पांढरं लुगडं नेसून विहाराकडे निघाल्या होत्या, धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता. मी धापा टाकत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस जरा. घाबरू नगंस. आधी वंदना हूं दे." बसले बाई त्यांच्या शेजारी, जीव मुठीत धरून. घरी आल्यावर ट्रंक उघडली. गोधड्यांच्या मधोमध, धुतलेल्या सुती फडक्यात, कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत, आणि सीड्या जशाच्या तशा. बोटाचा ठसासुद्धा नाही.

मामंजी स्वतः कराडला जाऊन यंत्र दुरुस्त करून, आत नवी डिस्क बसवून घेऊन आले. एकेक सीडी आत जात होती आणि घरंच्या घरं पडद्यावर परत येत होती. एक सीडी अडकली, घुरघुर करत राहिली; सासूबाईंनी हात जोडले. मी त्यांना म्हटलं, हात जोडा, पण लांबून. मग तीही चालली. पाडव्याला स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. कोइम्बतूरहून आलेला एक गलाईवाला, बोटांत चार अंगठ्या, तिशीतल्या आपल्या आईचा फोटो बघून लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "आई अशी हसत व्हती, व्हय?" छपाईच्या मागण्या अजून संपत नाहीत. आणि मामंजी? जो येईल त्याला सांगतात, "यंत्रात एक, कपाटात एक आन् दुसऱ्या गावात एक. आमची पद्धतच हाय ती!" म्हणू देत. काल पाटीवर जयराजच्या नावाशेजारी माझं नाव रंगवून आलं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ते वाचलं, मग परत जाऊन पुन्हा वाचलं.

आता खरं काय ते. मामंजींना आता चौथी प्रत हवी आहे, आणि ती सांगलीत तुझ्या घरी ठेवायची असं मी ठरवलं आहे. पण हे निमित्त. त्या दिवशी सीड्या हातात देताना बनुमावशींनी एकच विचारलं, "ह्यात आमची माया हाय न्हवं?" तुझ्या सातवीच्या गॅदरिंगचा फोटो त्यात आहे, असं मी ठेवायला देताना बोलून गेले होते. इतके दिवस त्यांनी जपला तो आमचा धंदा नव्हे, माया, तुला जपलं. पाडव्याला मी त्यांना मुद्दाम आणलं आणि तो फोटो पडद्याएवढा करून दाखवला. त्या काचेवर तुझ्या गालाला हात लावून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "जावई म्हणून कुणाल काय वाईट न्हाई. लगीन झाल्यावर कळवलं, त्याचाच राग व्हता. आन् मी तवा दारातनं परत धाडली तिला, ते काय बरं केलं न्हाई." चौथी प्रत पोस्टानं पाठवते म्हटलं तर ऐकेनात, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. पत्र आणून देणारे जयराज तुझ्या दारात उभे असतील. त्यांना चहा नंतर विचार. खाली जीपमध्ये तुझी आई मांडीवर पिशवी घेऊन बसली आहे, आणि तू बोलावल्याशिवाय जिना चढणार नाही म्हणते. जा, पळ.

तुझीच,
क्रांती