परत आलेली पेटी

४ फेब्रुवारी १९६३, अमरावती

कंपनीचं पत्र आलं. आमच्या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक खुशालराव, त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. एप्रिलपासून चावीच्या मशीनसाठी एकही रेकॉर्ड निघणार नाही. नव्या रेकॉर्डी हलक्या, हळू फिरणाऱ्या — आणि वाजणार फक्त कंपनीच्याच विजेच्या मशीनवर. ज्यांनी दुसऱ्याचं मशीन घेतलं त्यांनी ते माळ्यावर टाकावं! जुन्या रेकॉर्डी परत दिल्या तर नव्या मशीनवर सूट. परत आलेल्या रेकॉर्डी दुकानदारानं फोडून टाकायच्या.

मी खूप बडबडलो. खुशालराव म्हणाले, "तू काहून तापून राहिला? तुह्या घरी तं मशीनच नाही."

माझ्या घरी नाही. अकोल्याला आहे.

५ फेब्रुवारी

ते मशीन मीच विकलं होतं. मोतीराम गुरुजींना — ललिताच्या वडलांना. त्यांच्या घरी वीज नाही म्हणून चावीचं, दुसऱ्या कंपनीचं. "गुरुजी, तुमच्या नातवापर्यंत चालते," असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सांगताना ललिताकडे पाहिलं होतं!

तेव्हापासून एक आड एक रविवार बडनेऱ्याहून गाडी, हातात पेटी. चार रेकॉर्डी ऐकायला ठेवायच्या, आधीच्या नापसंत परत आणायच्या. पाकिटाच्या तळाची पट्टी हळूच सोडवली की आत एक चिठ्ठी मावते. जाताना माझी, येताना तिची. दीड वर्ष झालं. गुरुजींना पत्ता नाही.

रेकॉर्डीच बंद झाल्या तर त्या घरात जायचं कोणत्या तोंडानं?

१० फेब्रुवारी, अकोला स्टेशन

गाडीला वेळ आहे.

गुरुजींच्या घरी विजेचा दिवा! वीज मंडळातल्या एका कारकुनानं खटपट करून जोडणी मिळवून दिली. तो बसलाच होता, गुरुजींच्या खुर्चीत, केस चापून. नवी छोटी रेकॉर्ड भेट आणलेली. मशीन मागाहून आणतो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुमचं चावीचं आता कोंबड्या झाकायले ठेवा."

डोकंच फिरलं. म्हटलं, ह्याच मशीनवर वाजवून दाखवतो! वेगाचा स्क्रू पिळला, त्याची रेकॉर्ड लावली. वाजली. अर्धं कडवं अगदी सुरेख. मग खरखर. मग नुसतं सूंऽऽ. सुई उचलली तर काळ्या रेकॉर्डवर पांढरा चट्टा पडलेला. नवी रेकॉर्ड मऊ असते, जुनी पोलादी सुई तिला सोलून काढते. मला हे ठाऊक होतं. खुशालरावांनी परवाच सांगितलं होतं.

कारकून हसला. गुरुजी हसले नाहीत.

"धर्मपाल, कॉलेजही तू असंच सोडलं, तापल्या डोक्यानं. आमी दीक्षा घेतली ते याच्यासाठी काय? पुन्हा या घरात येऊ नको."

ललिता आतल्या दारात उभी. मी चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "तुमच्या रेकॉर्डी मी पाठवून देईन." अहो-जाहो! परक्यासारखं!

१६ फेब्रुवारी

दिवसभर रेकॉर्डी फोडतो. गोणपाट अंथरायचं, वर रेकॉर्ड, हातोडीचा एक घाव. तुकडे पोत्यात. पाकिटं खुशालराव चहाच्या शेगडीला लावतात. आज चांदूर बाजारहून एक म्हातारी आली, सूनबाईनं पाठवलेली. रेकॉर्डी दिल्या आणि ओट्यावर बसून राहिली. आतला हातोडीचा आवाज ऐकत होती. शेवटची फुटली तेव्हा उठली.

१९ फेब्रुवारी

अकोल्याचं गिऱ्हाईक सांगत होतं — गुरुजींच्या मुलीची बोलणी चालू आहेत. मुलगा वीज मंडळात. मुलीनं अजून होकार दिला नाही म्हणे.

"अजून"!

२१ फेब्रुवारी

पेटी आली. संत्र्याची पेटी, आत तणस, तणसात सगळ्या रेकॉर्डी. वर यादी, तिच्याच अक्षरात. खाली लिहिलेलं — 'सर्व परत.'

दुसरा शब्द नाही.

सगळ्यात वरचं पाकीट उचललं तर तळाशी जाड लागलं. समजलो. माझ्याच चिठ्ठ्या! दीड वर्षाच्या, घड्या घालून परत! यादीत लिहिलंच आहे की, सर्व. पट्टी सोडवलीसुद्धा नाही. माझेच शब्द मला वाचायचे नव्हते. ते आणि हाती लागली तेवढी पाकिटं एकदम शेगडीत कोंबली. ज्वाळ एवढी उठली की खुशालराव धावत आले. मग हातोडी. एकेका रेकॉर्डवर तीन-तीन घाव.

खुशालरावांनी एक रेकॉर्ड पाकिटासकट माझ्या हातून ओढून घेतली. म्हणाले, एवढी मले राहू दे, हे गाणं पुन्हा भेटणार नाही. गादीखाली ठेवली.

२४ फेब्रुवारी

रविवार. गेलो नाही. दिवसभर अंथरुणावर पडून होतो.

२७ फेब्रुवारी

ती रडली असेल असं काल वाटलं. आज वाटत नाही.

२ मार्च

खुशालरावांनी आज ती रेकॉर्ड लावायला काढली. पाकिटाची पट्टी सुटली, घडी खाली पडली. "तुह्यी दिसते," म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

तिचं अक्षर. जशीच्या तशी उतरवतो —

'हे आधी हाती लागलं तर सगळ्यात वरच्या रेकॉर्डचं पाकीट उघड. त्यात सगळं आहे. तारीख, गाडी, मी कुठं उभी राहीन ते. तुझं कॉलेज मी पुरं करून घेईन, मग बाबाही बोलतील. यादी बाबांसमोर लिहावी लागली, मनावर घेऊ नको. त्या दिवशी तू आला नाहीस, तर मी त्या लग्नाला हो म्हणेन.'

पेटी आली त्याला आज नऊ दिवस झाले.