शेरेबहीतला एक शब्द

दारव्हा
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. शाम यास,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. मागच्या आठवड्यात पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या. कोवळ्या होत्या, उकडून खाल्ल्या. शेंगांचा आणि या पत्राचा काही संबंध नाही, म्हणून त्यांची पोच आधीच देऊन टाकते.

शुक्रवार, १२ डिसेंबर, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मी सभागृहातल्या घड्याळावरून घेतली आहे आणि ते घड्याळ बरोबर चालतं. निवृत्त होताना मीच ते शाळेला दिलं होतं. त्या वेळी केंद्राच्या शिक्षण परिषदेत, अडतीस शिक्षकांसमोर, केंद्रप्रमुख या नात्याने तू बबिता चव्हाणच्या शाळेतल्या शेरेबहीतला तुझा शेरा मोठ्याने वाचून दाखवलास. "वर्गावर नियंत्रण नाही. विद्यार्थी शिक्षिकेस 'येडी' असे संबोधतात. सुधारणेस वाव आहे." ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. माझ्या हाताखाली शिकल्याचं तेवढं तरी सार्थक झालं.

तुझ्या मागच्या फलकावर लिहिलं होतं, 'नवनियुक्त शिक्षकांना मदतीचा हात'. हात सगळ्यांनी पाहिला.

तू म्हणशील, वर्गातला शब्द भगवानरावांनी ऐकला, मी फक्त लिहून घेतला. मान्य. भगवानराव जुने मुख्याध्यापक, पाहणीला तुझ्याबरोबर बोरीच्या रस्त्यावरच्या त्या तांड्यावर आले होते. पहिलीतली खुशी पळत आली, बबिताच्या ओढणीला धरून म्हणाली, "याडी, पाणी." भगवानरावांच्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'येडी' झालं. त्यांचं मी समजू शकते. त्यांच्या कानात गेली तीस वर्षं स्वतःच्या आवाजाखेरीज काही शिरलेलं नाही. परिषदेतही तेच बोलले ना? "बाई, पोट्टे तं तुले येडी म्हणून राह्यले. वर्ग कोन चालवून राह्यलं मंग, तू का ते?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "लेकरं खोटं नाही बोलत, सर." आणि सगळं सभागृह हसलं.

पण तू भगवानराव नाहीस, शाम. तू शाम आडे, तांड्यावरच्या घरातला आहेस. तुझ्या घरात, तुझ्या तांड्यात, तुझ्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. बबिताही तुमच्यातलीच आहे, म्हणून ती तुझ्याकडे पाहत उभी राहिली. भगवानरावांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "सर, तुम्ही सांगा ना यांना," एवढंच म्हणाली. तू कागद उलटलास आणि म्हणालास, "वैयक्तिक चर्चा नको, मॅडम. पुढचा विषय घ्या."

मी पाहुणी म्हणून तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. नव्या शिक्षकांच्या आमच्या शनिवारच्या गटाविषयी दहा मिनिटं बोलायला तूच मला बोलावलं होतंस. त्या क्षणी मी काही बोलू शकले नाही, कारण माझ्या तोंडात चहाचा घोट होता.

आता त्या गटाचं थोडं सांगते, कारण परिषदेत त्यावर बोलायचं राहूनच गेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या पडवीत सहा-सात जण जमतात. सगळे तीन वर्षांच्या आतले. केळापूरकडची सुरभी फोनवर असते, तिच्या वर्गात निम्मी मुलं कोलामी बोलतात. तिथे कोणी कोणाचा साहेब नसतो. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, या आठवड्यात माझं काय फसलं. नुसतं फसलेलं. जमलेलं सांगायला तुमच्या परिषदा आहेतच. पहिल्या शनिवारी कोणी तोंड उघडेना. मग बबिता म्हणाली, "बाई, मी आठ दिवस 'आ आईचा' शिकवून राह्यली. लेकरं म्हणतेत, आई कोन आहे?" सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. त्यातूनच तिची जोडवही निघाली. डाव्या बाजूला मुलांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पहिल्या पानावर पहिली जोडी: याडी – आई. खाली खुशीने काढलेलं चित्र आहे, साडीतल्या बाईचं, तिला कान चार आहेत. फोनवर ते ऐकून सुरभीने तिच्या वर्गात कोलामीची वही सुरू केली. बबिताच्या वर्गात जूनमध्ये जी मुलं दाराशीच बसत होती, ती दिवाळीनंतर फळ्यावर येऊन लिहू लागली. पाहणीच्या दिवशी तिची जोडवही टेबलावरच होती. तुझ्या शेऱ्यात तिचा उल्लेख नाही.

काल शनिवार होता. बबिता आली, पण चप्पल काढली नाही. पडवीच्या पायरीवरूनच वही पुढे केली.

"हे ठेवा बाई. मले नाही लागत आता."

"आत ये. बस आधी."

"बसत नाही. एक अर्ज लिहिला आहे, तेवढा तपासून द्या. शब्द चुकले तं पुन्हा हसतीन."

राजीनामा होता. एकही शब्द चुकलेला नव्हता. तीन वर्षं येत्या महिन्यात पुरी होतात, तुला माहीत आहे. कायम होण्याचा तिचा प्रस्ताव सोमवारी, २२ तारखेला पंचायत समितीत जायचा आहे, आणि त्यासोबत तुझा हा शेरा जाणार आहे. तो वाचून वर कोणी विचारण्याआधी आपणच निघून जावं, असं तिनं ठरवलंय.

मी तिला म्हणाले, भगवानरावांसारख्यांच्या हसण्यावर नोकरी सोडायची नसते.

"ते हसले त्याचं काही नाही वाटलं, बाई. शाम सर खाली पाहून राह्यले होते, त्याचं वाटलं." मग म्हणाली, "आन् तुम्ही पन."

मी चहाचं सांगितलं.

"बाई, कप तं खालीच होता."

कप खरंच रिकामा होता, शाम. चहा पिऊन दहा मिनिटं झाली होती. हे वाक्य मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. दोन पानं तुला फैलावर घेतल्यावर आता लिहिते आहे, यावरून मला ते किती जड जातंय ते समज.

तू तो शेरा वाचलास तेव्हा मला बबिता दिसलीच नाही. मला एकोणीसशे त्र्याऐंशीचा ऑगस्ट दिसला. माझं नोकरीचं पहिलं वर्ष, तुझी तिसरी. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आलेली. मला शेक्सपियरच्या ओळी पाठ होत्या, पण तांड्यातली मुलं घरी काय बोलतात याची गंधवार्ता नव्हती. तेव्हाचे मुख्याध्यापक नानाजी. त्यांनी मला एकच प्रशिक्षण दिलं होतं: "बाई, पहिल्या सालात एका तरी पोट्ट्याले असं धरा का बाकीचे आपोआप गप बसतीन." दुसरं सांगणारं कोणी नव्हतं आणि मी विचारलंही नाही. त्या आठवड्यात असं धरायला तू सापडलास. पाटी दाखवायला आलास आणि तुझ्या तोंडून निघून गेलं, "याडी, बरोबर आहे का?"

मी तुला दोन थपडा मारल्या. दिवसभर दाराबाहेर उभं केलं. वर्गाला विचारलं, "कोण आहे रे येडी?" वर्ग हसला. त्या दिवसापासून सातवीपर्यंत मुलं तुला 'येडीचा शाम' म्हणत राहिली. मी ते मैदानावर शंभरदा ऐकलं.

तुला हे आठवतं, मला ठाऊक आहे. तुला ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी तुझी आई शाळेत आली होती. तू वर्गात होतास, मी तिच्याशी व्हरांड्यातच बोलले. जमनीबाई भांडायला आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाल्या, "गुस्सा नका करू बाई. आमच्यात मायले याडी म्हनतेत. त्यानं तुमाले माय म्हटलं." मी म्हणाले, "बरं, बरं, जा तुम्ही." आणि वर्गात येऊन पाढे घेतले.

म्हणजे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. चूक एका दिवसाची होती. त्यानंतरची चार वर्षं मी तुला 'येडीचा' म्हणू दिलं, ते जाणूनबुजून. का, ते सांगते. खरं सांगितलं असतं तर वर्ग माझ्यावर हसला असता. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नव्हतं.

आणि माझ्यासारखीने हे करावं. कॉन्व्हेंटमध्ये मी दहा वर्षं रोज सकाळी एका परक्या बाईला 'गुड मॉर्निंग, मदर' म्हणत होते. केरळहून आलेली, उंच, चिडकी बाई. तिनं एकदाही विचारलं नाही की ही मुलगी मला तिची आई का म्हणते.

तुझ्या वयाचे माझे सगळे विद्यार्थी मला बाई म्हणतात, भाजीबाजारातसुद्धा. तू एकटा मॅडम म्हणतोस. शेंगा पाठवतोस, पाया पडतोस आणि मॅडम म्हणतोस. मी समजायची, मोठ्या हुद्द्यावर गेलाय म्हणून.

सहा वर्षांपूर्वी जमनीबाई गेल्या तेव्हा मी तांड्यावर आले होते. बाहेर आम्हा शिक्षकांसमोर तू "आई गेली" म्हणालास, कोरड्या डोळ्यांनी. मग आत गेलास आणि आतून तुझा आवाज आला. तो शब्द तू विसरलेला नाहीस, शाम. मी बाहेर सतरंजीवर बसून ऐकला. तेव्हाही मी काही बोलले नाही. त्या दिवशी तर चहाही नव्हता.

शुक्रवारी तू खाली का पाहत होतास, ते म्हणून मला कळतं. 'येडी'ला 'याडी' करायचं तर अडतीस जणांसमोर सांगावं लागलं असतं की हा माझ्या घरातला शब्द आहे. शाळेत हा शब्द तोंडून निघाला की मार बसतो, हे तुला ज्या बाईने शिकवलं ती शेजारीच बसली होती. माझा तो एक धडा तू फार नीट पाठ केलास. पण कळतं म्हणजे चालतं असं नाही. मला नवीन असताना सांगणारं कोणी नव्हतं. बबिताच्या बाजूने सांगू शकणारे दोघं त्या व्यासपीठावर होते आणि दोघंही गप्प राहिले.

आता काय करायचं ते ऐक. शेरेबहीतल्या त्या ओळीवर तांबडी रेघ मार. पांढरी शाई लावू नकोस, खालचं वाचता आलं पाहिजे. खाली तुझ्या हाताने लिही, "याडी म्हणजे आई", आणि सही कर. ती दुरुस्ती प्रस्तावासोबत जाऊ दे. जानेवारीच्या परिषदेत ती तू ज्या आवाजात शेरा वाचलास त्याच आवाजात वाच. भगवानराव हसले तर हसू दे. त्यांना त्या दिवशी मी पाहून घेईन.

तुला एकट्याला उभं करत नाही. सोबत माझा सहीचा कागद जोडला आहे. त्यात ऑगस्ट त्र्याऐंशीचं सगळं आहे, थपडांसकट आणि व्हरांड्यासकट. तो परिषदेत मी वाचणार आहे, तुझ्याआधी. तू माझी वेळ कार्यक्रमपत्रिकेत घातली नाहीस तरी वाचेन. बोलायचं राहिलेलं ते दहा मिनिटांचं भाषण अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

बबिताचा राजीनामा तिच्या जोडवहीत, पहिल्या पानावर ठेवला आहे. वही माझ्याकडे आहे. शुक्रवार, १९ डिसेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत थांबायला ती कशीबशी तयार झाली आहे. पाच वाजता ती येईल आणि मला तिला दोन्हीपैकी एक काहीतरी हातात द्यावं लागेल, तिचा कागद किंवा तुझा.

तेव्हा त्याआधी तुझं लेखी उत्तर माझ्या घरी पोचलं पाहिजे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

उत्तराच्या वर मायना काय लिहायचा ते तू ठरव. 'मॅडम' लिहिलंस तर मी समजेन, आणि तक्रार करणार नाही. माझ्या सहीच्या वर एक ओळ कोरी सोडली आहे. तिथे कोणता शब्द लिहायचा हक्क मला उरला आहे, ते मला ठरवता येत नाही.

तुझी


कोकिळा इंगोले
(निवृत्त शिक्षिका, इयत्ता तिसरी, १९८३)