सेंटला दुपार दाखवताना

अण्णा, गेल्या आठवड्यात एका नव्या सेंटला दुपार दाखवली. हा तुमचाच शब्द. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी दुकानात तोच चालतो. सकाळी शटर उघडताना मनगटावर एकदाच मारायचं, चोळायचं नाही. मग मिरकरवाड्याला जाऊन मासळी घेऊन यायची, उन्हातून, घामातून, बर्फाच्या पाण्यात हात घालून, आणि जेवायच्या वेळी मनगटावर जो उरेल तो त्याचा खरा वास. मुंबईचे विक्रेते कागदाची पट्टी नाकासमोर हलवायला लागले की तुम्ही म्हणायचात, "कागद काय लग्नाला जाणार आहे? कागदाला घाम येतो काय हो?" ते हसायचे, तुम्ही हसायचा नाहीत. रत्नागिरीत मांडवीकडे कटलरीची आणखी दुकानं होती, बांगड्या, टिकल्या, पावडरी सगळीकडे त्याच. पण पुरुषमाणसं सेंट घ्यायला आपल्याकडे येत. महागातलं आपण कधी ठेवलं नाही. रोज कामावर जाणाऱ्याला परवडेल आणि संध्याकाळपर्यंत अब्रू राखेल, एवढंच तुम्ही बघायचात. दुकानाचं नाव म्हणजे तुमचं नाक, आणि ते नाक माझ्याकडे आलंय असं गिऱ्हाइकं अजून समजतात.

मी दुकानात बसायला लागलो त्याचं दुसरंच वर्ष. प्राथमिक शाळेचे एक मास्तर, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, मुलगी बघायला केळशीला निघालेत. स्वस्तातलं बरंसं काहीतरी द्या म्हणतात. मी टोपण काढतो, नाकाला लावतो, छान लिंबाचा वास, देऊन मोकळा होतो. मे महिना आणि एसटीचा प्रवास. केळशी येईपर्यंत त्या लिंबाचं आंबून पार गुरांपुढचं आंबोण झालेलं. चार दिवसांनी मास्तर येऊन हे सांगतात तेव्हा तुम्ही तपकिरीची डबी मिटता, रुमालानं नाक पुसता आणि त्यांच्यादेखत मला म्हणता, "देवानं नाक काय चष्मा अडकवायला दिलंय?" मास्तरांनाही हसू आवरत नाही. त्या दिवसानंतर दुपार दाखवल्याशिवाय मी कुणाला बाटली दिली नाही, हे कबूल. पण ते वाक्य लागलं ते लागलंच. तेहतीस वर्षं झाली, अजून आरशासमोर चष्मा लावताना आठवतं.

आणखी एक दुपार आठवते. तुम्ही जेवायला घरी येता ते सरळ स्वयंपाकघरात. आई तांदळाची भाकरी थापत असते. तुम्ही मनगट तिच्यापुढे धरता. ती पिठाचे हात वर उचलून वाकते, मनगटाशी नाक नेते, हळूच काहीतरी सांगते. आम्ही भावंडं दारातून बघून खुसखुसतो. मला वाटायचं, चाललीय यांची लाडीगोडी. असेना का, म्हणून मी पुढे कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी मला ताप आला. ताप गेला तसा वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आला. मी कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. जुनाच माल मागवत राहिलो, नवं काही आलं की खोड काढून परत पाठवत राहिलो. गिऱ्हाईक मनगट पुढे करी, मी डोळे मिटून मान हलवी. आतून मात्र धास्ती, की एक दिवस हे उघडं पडणार आणि तुम्ही उभं केलेलं नाव माझ्या हातून जाणार. ते पंधरा दिवसांपूर्वी उघडं पडलं, पण घरातच. आईनं पातेल्यात फणसाच्या आठळ्या उकडत ठेवल्या होत्या. पाणी आटलं, आठळ्या करपल्या, आणि मी पाठमोरा बसून पेपर वाचतोय. आई काठी टेकत अंगणातून आली. "मेल्या, नाक कुठे ठेवलंयस तुझं?" मी सांगून टाकलं. तिनं गॅस बंद केला, खाली बसली आणि चक्क हसायला लागली. "म्हणजे बापावर गेलास तर! अरे, तपकीर ओढणाऱ्याला कसला वास यायचा? मला विचारून जायचे आणि दुकानात बसून ऐट करायचे."

अण्णा, मला राग आला. खूप राग आला. डबी रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची, आणि अख्ख्या रत्नागिरीत एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही? माझ्याही नाही, हे आणखी वर. स्वतःला वास येत नसताना तुम्ही चारचौघांत माझं नाक कापलंत.

मग गेल्या आठवड्यात तेच मास्तर आले. आता मुख्याध्यापक, महिनाअखेरीला निवृत्त होतायत. निरोप समारंभाला लावायला सेंट हवं होतं. "या खेपेला नीट बघून द्या हां. आमची मंडळी अजून टोमणे मारतात." केळशीचं लग्न जमलं होतं तर. दुकानात एका विक्रेत्यानं नवी बाटली ठेवली होती, स्वस्तातलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मनगटावर मारली, मिरकरवाड्याला जाऊन आलो आणि स्वयंपाकघरात जाऊन हात बायकोपुढे धरला. "हे काय भलतंच? सून बघेल!" म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि माझं मनगट धरलं. "सकाळी निघालात तेव्हा लिंबाची साल होती, स्पिरिटचा भपकाही होता. आता दाढीच्या साबणासारखा येतोय. मासळीची हिंवस वर आलेली नाही." चारच्या चहाला म्हणाली, कपाटातल्या कोऱ्या शर्टासारखा, पण जवळ आलं तरच कळतो. दिवेलागणीला मनगटावर काही उरलं नव्हतं, बाहीवर होतं. "समारंभ दोन तासांचा. द्या बिनधास्त. सदऱ्यावर मारा म्हणावं, अंगावर नको."

शनिवारी मास्तर बाटली न्यायला आले. "तुम्ही स्वतः बघितलंत ना?" बायको तिथेच, दोन हात अंतरावर, बांगड्या लावत होती. मी चष्मा वर सारला आणि म्हणालो, "म्हणजे काय! या नाकाखालून गेल्याशिवाय आपण बाटली देत नाही." मास्तर खूश होऊन गेले. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बांगड्या लावायला लागली.

तुमच्यावर रागावून हे लिहायला बसलो होतो. आईचं नाव तुम्ही एकदाही का घेतलं नाहीत, एवढंच विचारायचं होतं. आता ते विचारायला मला तोंड उरलेलं नाही. पत्र दुमडून चष्म्याच्या घरात ठेवतोय. ते रिकामंच असतं. चष्मा दिवसभर नाकावर अडकवलेला असतो.